हिल्डेगार्डचं शेवटचं भांडण

हिल्डेगार्ड म्हणजे जर्मनीतली एक नन, मठाची प्रमुख. तिला झालेले दृष्टान्त आणि तिची झाडपाल्याची औषधं यांवर लोक छान लिहितात, पण तिचं शेवटचं वर्ष राहूनच जातं आणि मला तर ती बाई खरी तिथेच दिसते. ११७८ ची गोष्ट, वय ऐंशीच्या घरात, बिंगेन गावाजवळच्या आपल्या रुपर्ट्सबर्ग मठात तिने एका उमरावाला पुरू दिलं, ज्याला आधी कधीतरी चर्चने बहिष्कृत केलं होतं. माइन्झ शहरातले चर्चचे धर्माधिकारी म्हणाले, प्रेत उकरून बाहेर काढा. हिचं म्हणणं, मरायच्या आधी त्याने पापांची कबुली दिली, शेवटचा संस्कारही झाला, मग कशाला काढू? नाही म्हणजे नाही! झालं, मठावर बंदी, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बंद, प्रार्थना गायच्या नाहीत, दारं लावून हळू आवाजात नुसत्या म्हणायच्या. जिने स्वतः सत्तरच्या वर भक्तिगीतं रचली तिला हे किती लागलं असेल. पण तिने त्याच धर्माधिकाऱ्यांना खरमरीत पत्र लिहिलं की देवाची स्तुती विनाकारण बंद पाडणाऱ्यांना स्वर्गातल्या गायनात जागा मिळणार नाही. बाराव्या शतकात, एका म्हाताऱ्या ननने! या धर्माधिकाऱ्यांचे वरिष्ठ, माइन्झचे आर्चबिशप, तेव्हा इटलीत, शेवटी त्यांच्यापर्यंत दाद मागितली तेव्हा कुठे ११७९ च्या मार्चमध्ये बंदी उठली. त्याच सप्टेंबरात ती गेली.