कुवेतचा दाखला सगळीकडे लागू नाही

वर कुणीतरी म्हटलंय, 'महिनाभर विमानांनी झोडपलं की पायदळाला नुसतं चालत जायचं उरतं.' लोहगावहून सुखोई उडालं की आमच्या विमाननगरच्या टपरीवरही हेच ऐकू येतं!

दाखला १९९१च्या कुवेतचा आहे, म्हणजे इराकी फौजेला अमेरिका आणि मित्रदेशांनी तिथून हुसकावलं त्याचा, आणि तेवढ्यापुरतं ते बरोबरही आहे. १७ जानेवारीला हवाई हल्ले सुरू झाले, २४ फेब्रुवारीला रणगाडे निघाले आणि शंभर तासांत खेळ खलास. पण ते उघडं वाळवंट होतं, रणगाडा लपवणार कुठे? शिवाय पहिला घाव सैन्यावर नव्हताच. अमेरिकेच्या अपाची हेलिकॉप्टरांनी आधी इराकची सीमेजवळची रडार केंद्रं उडवली. शत्रूला आंधळं केलं, मग बाकीचं.

कोसोवोत, १९९९ साली, डोंगर, झाडी आणि ढग होते. सर्बियाच्या फौजेवर नाटोची ७८ दिवस बॉम्बफेक चालली, सर्बांनी लाकडी रणगाडे मांडून ठेवले आणि नाटोने त्यांच्यावरही महागडे बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ला, दोस्तांच्या विमानांनी इटलीतला कॅसिनोचा मठ पाडला, तर जर्मन सैनिक त्याच ढिगाऱ्यात मोर्चे बांधून बसले. आयताच आडोसा!

मला विचाराल तर आपलं १९७१ जास्त शिकण्यासारखं आहे. पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानांची एकच स्क्वाड्रन (तुकडी) होती. आपल्या मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी फोडली आणि ती स्क्वाड्रन काही दिवसांतच जमिनीला खिळली. पायदळ मात्र थांबलं नव्हतं, ते पहिल्या दिवसापासून पुढे सरकत होतं. आकाश मोकळं होतं म्हणूनच ११ डिसेंबरला ढाक्याच्या वायव्येला टांगाईलला छत्रीधारी बटालियन दिवसाउजेडी उतरवता आली.