मदत हवी आहे: लाईन आली की स्किमर उतू जातो

नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. घरी २०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, समुद्री जीवांचा) आहे, दोन क्लाउनफिश अन् थोडे झोअँथिड (प्रवाळासारखे जीव). शेजारची पोरं ‘समुद्र पाहाले’ येतात.

महिन्यापूर्वी सम्पमध्ये (टँकखालची पाण्याची टाकी) प्रोटीन स्किमर बसवला, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र. पहिले दहा दिवस कप कोरडाच. नवा स्किमर रुळायला वेळ घेतो म्हणून हात लावला नाही. मग कोऱ्या चहासारखं काळपट पाणी यायला लागलं, वास मात्र नाली उपसल्यासारखा!

अडचण लाईनची, म्हणजे विजेची. दिवसातून तीन-चारदा जाते. सम्पचं पाणी वर टँकमध्ये चढवणारा रिटर्न पंप थांबला की टँकचं पाणी खाली उतरतं, सम्पची पातळी ८ इंचांवरून ११ वर. लाईन आली की स्किमर भसाभस फेस ओकतो, कप भरून सगळं फरशीवर. उलट उन्हामुळे पाणी आटून पातळी ६ वर आली की फेस स्किमरच्या मानेपर्यंत चढतच नाही. सम्प साधा आहे, कप्पे नाहीत.

स्किमरसाठी काचेची आडभिंत घालून वेगळा कप्पा करू, की तो दहा मिनिटं उशिरा सुरू होईल असा टायमर लावू? काच चिकटवायची तर सम्प रिकामा करावा लागेल, म्हणून आधी विचारतो. आणि लाईन नसताना तुम्ही बॅटरीवर काय चालवता, स्किमर की वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलतं ठेवणारा पंप)? माझ्या जुन्या इन्व्हर्टरवर एकच निभतं.