गौतम राजाध्यक्ष: फक्त फिल्मस्टार्सचे फोटोग्राफर होते का?

माळ्यावरचा_पसारा
मंडळी, माळा आवरताना आईने जपून ठेवलेले 'चंदेरी' या सिनेमाच्या नियतकालिकाचे जुने अंक सापडले, आत संपादक म्हणून गौतम राजाध्यक्षांचं नाव. मला ते फक्त फोटोग्राफर म्हणून माहीत, तेही लतादीदींच्या फोटोंमुळे. आता भाच्याला मास मीडियाच्या प्रोजेक्टसाठी एक कमर्शियल फोटोग्राफर निवडायचाय, मी म्हटलं हेच घे, तर म्हणतो नेटवर सगळीकडे तीच चार वाक्यं फिरवलीयेत. कोणी नीट सांगेल का, जाहिरातींचं काम केलं होतं का त्यांनी, की नुसते नट-नट्यांचे फोटो? आणि राग मानू नका पण मला त्यांचे सगळे चेहरे एकसारखेच गुळगुळीत वाटतात, यात एवढं ग्रेट काय?

निवृत्त_एजन्सीवाला
जाहिरातीचं काम केलं का म्हणजे काय, माणूस तिथूनच तर आला! झेवियर्सला सायन्स शिकले आणि सत्तरच्या दशकात लिंटास या जाहिरात एजन्सीत लागले, फोटो सर्व्हिसेस डिपार्टमेंटमध्ये, पुढे त्याचे हेडच झाले. हे डिपार्टमेंट काय करतं ते भाच्याला समजावून सांगा, कारण प्रोजेक्टचा खरा माल तिथे आहे. कुठल्या कॅम्पेनला कुठला फोटोग्राफर, मॉडेल कोण, शूट कधी, आलेल्या ट्रान्सपरन्सीज (थेट खऱ्या रंगात दिसणाऱ्या स्लाइड फिल्म) छपाईच्या लायकीच्या आहेत की नाही, आणि क्लायंटने ऐनवेळी "जरा अजून ब्राइट हवं होतं" म्हटलं की त्याला कसं गप्प करायचं, हे सगळं तिथे बसलेल्याला बघावं लागतं. म्हणजे स्वतः नाव कमावायच्या आधी या माणसाने दुसऱ्यांचे ढिगाने फोटो तपासलेत. 1980 ला शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले तिथून सेलिब्रिटी फोटोग्राफी सुरू झाली, पण नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरले ते 1987 मध्ये. मग प्रॉडक्ट कॅम्पेन्स, फॅशन, मासिकांची कव्हरं, नवीन पोरापोरींचे पोर्टफोलिओ, सगळंच. स्टारचे फोटो लोकांच्या लक्षात राहतात, प्रॉडक्टच्या जाहिरातीखाली फोटोग्राफरचं नाव कोण छापतं?

तीन_पायांचा_स्टँड
गुळगुळीतवर बोलायलाच हवं. आज तुम्ही गुळगुळीत म्हणता तेव्हा डोक्यात फोनचा ब्यूटी फिल्टर असतो. तेव्हा ट्रान्सपरन्सी फिल्मवर काम चालायचं, त्यात अर्धा स्टॉप (प्रकाश मोजायचं माप) इकडचा तिकडे झाला की गोऱ्या गालावरचा डिटेल उडाला किंवा सावली काळी ठिक्कर पडली, निगेटिव्हसारखं प्रिंट करताना सांभाळून घ्यायची सोय नाही. मिडियम फॉरमॅटच्या (मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याच्या) चौकोनी फ्रेमला 120 नावाच्या एका फिल्म रोलमध्ये 12 फोटो, आणि बटण दाबल्यावर मागे स्क्रीनवर काही दिसत नाही, फार तर आधी एक पोलरॉइड (लगेच छापून येणारा फोटो) काढून लाइट बघून घ्यायचा. त्यामुळे चेहऱ्यावरचा मऊपणा मेकअप आणि लाइटने शूटच्या वेळीच आणावा लागायचा. लाइट मोठा आणि जवळ घेतला की सावलीच्या कडा विरघळतात, थिअरी सोपी आहे हो, पण समोरची बाई चाळिशीची असो नाहीतर साठीची, तिला बाहुली न करता हे जमवायचं म्हणजे हात बसलेला लागतो.

बाकी तुमचा मुद्दा अगदीच चूक नाही. त्यांच्या फोटोत माणूस कायम आपल्या बेस्ट मूडमध्ये असतो, थकलेला, वैतागलेला शोधून सापडायचा नाही. मला स्वतःला थोडा खडबडीत फोटो आवडतो. पण लोक त्यांच्याकडे जायचे ते सुंदर दिसायलाच ना, गिऱ्हाइकाला हवं ते देणं हाच तर धंदा आहे.

गप्पीष्ट_मावशी
अहो ते नुसते कॅमेरावाले नव्हते! काजोलचा पहिला सिनेमा 'बेखुदी' (1992) लिहिण्यात त्यांचा हात होता, माधुरी-शाहरुखच्या 'अंजाम'ची (1994) कथाही त्यांची. शोभा डे त्यांची चुलत बहीण, माहेरची राजाध्यक्षच ना ती. पाश्चात्त्य संगीताचं, ऑपेराचं भयंकर वेड. मला वाटतं समोरच्याशी सिनेमा, गाणी, साड्या कशावरही गप्पा मारता यायच्या म्हणूनच मोठमोठ्या बायका त्यांच्यासमोर निवांत बसायच्या, लाइट-बिइट नंतरचं. 13 सप्टेंबर 2011 ला गेले, हार्ट अटॅकने, 61 वा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. काय वय होतं का ते?

माळ्यावरचा_पसारा
भारी, एवढं कुठे मिळालं नसतं. 'अंजाम' दहा वेळा बघितलाय आणि नाव कधी वाचलं नाही. भाचा विचारतोय की फोटो बघून लाइट कसा लावला ते ओळखता येतं का?

तीन_पायांचा_स्टँड
येतं की. बुबुळातली पांढरी चमक बघायची. चौकोनी असेल तर सॉफ्टबॉक्स (लाइट मऊ करणारी कापडी पेटी) किंवा खिडकी, गोल असेल तर बहुतेक लाइटला लावायची छत्री, वरच्या बाजूला असेल तर लाइट डोळ्यांच्या वरून, खाली अजून एक फिकट चमक दिसली तर हनुवटीखाली रिफ्लेक्टर (प्रकाश परत फेकणारा पांढरा किंवा चंदेरी बोर्ड). मग नाकाची सावली कुठे पडलीय ते बघायचं. त्यांचं 'फेसेस' पुस्तक (1997) लायब्ररीत मिळालं तर सोन्याहून पिवळं, दुर्गा खोटेंपासून ऐश्वर्या रायपर्यंत 45 कलाकार आहेत त्यात, एका वयस्कर आणि एका तरुण चेहऱ्याचा लाइट शेजारी ठेवून बघ म्हणावं, प्रोजेक्टची चार पानं तिथेच भरतील.

निवृत्त_एजन्सीवाला
आणि ते 'चंदेरी' रद्दीत घालू नका, नको असतील तर मला मेसेज करा.