अनुभव धागा : जपानमधले ते दहा दिवस

पुढच्या महिन्यात आमच्या विभागातली आठ मुलं जपानला निघाली आहेत, दहा दिवसांसाठी, 'साकुरा सायन्स'मधून. जपानची जे.एस.टी. (जपान सायन्स अँड टेक्नॉलॉजी एजन्सी) ही सरकारी संस्था २०१४ पासून हा कार्यक्रम चालवते. तिथलं विद्यापीठ बोलावतं आणि प्रवासाचा, राहण्याचा खर्च तिकडून होतो. मीही काही वर्षांपूर्वी अशीच गेले होते, त्यामुळे रोज संध्याकाळी कुणी ना कुणी येऊन विचारतं : थंडी किती, येन किती न्यायचे, सिम कुठून घ्यायचं. ते सगळं सांगून होतं आणि तरी वाटत राहतं की खरं सांगायचं ते राहिलंच.

माझं आधी सांगते. मी रसायनशास्त्राची. त्सुकुबाला होते, टोकियोतल्या आकिहाबाराहून वेगवान गाडीनं पाऊण तास. पहिल्या दिवशी प्रयोगशाळा दाखवताना तिथल्या पीएच.डी.च्या मुलीनं यंत्रांच्या आधी कपाटं दाखवली. प्रत्येक फळीला पुढून आडवी सळी, जमीन हलली तर बाटली घसरून पडू नये म्हणून. गॅसचं सिलिंडर वर एक आणि खाली एक अशा दोन साखळ्यांनी भिंतीला बांधलेलं. परतल्यावर सोमवारी मी आमचं कपाट उघडलं. नायट्रिक आम्लाची बाटली फळीच्या अगदी काठावर आणि बरोबर तिच्याखाली ॲसिटोन. पाच वर्षं मी त्या कपाटासमोर काम करत होते. त्याच आठवड्यात सुताराला बोलावून पट्ट्या मारून घेतल्या.

दहा दिवसांत देश कळत नाही, हे मान्यच. पण त्या दहा दिवसांमुळे आपल्या घरातली, कामातली, गावातली एखादी गोष्ट वेगळी दिसायला लागली असेल तर ती इथे लिहा. स्थळांची यादी नको. मोठं लिहा, छोटं लिहा. ही आठही मुलं वाचणार आहेत.

*

शाकाहारी, जैवतंत्रज्ञान, नाशिक

खाण्याचं कुणी नीट सांगत नाही म्हणून लिहिते. "मांस-मासे नको" एवढं सांगून भागत नाही. अडचण दाशीची आहे. दाशी म्हणजे तिथलं मूळ पाणी, बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाचं, आणि ते मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात असतं. पहिल्या दिवशी मी भोपळ्याची भाजी आनंदानं खाल्ली आणि नंतर कळलं. रात्री खोलीत खूप रडले. कुणी फसवलं नव्हतं, त्यांच्या दृष्टीनं ती भाजीच होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या गटाबरोबर असलेल्या मुलानं माझ्यासाठी एक कार्ड लिहून दिलं : मांस, मासे, आणि माशाची दाशीही चालत नाही. शेवटपर्यंत ते खिशात होतं. जाण्याआधीच कुणाकडून तरी जपानीत लिहून घ्या. बाकी दिवस भात, तोफू, आंबट उमेबोशी (खारवलेलं फळ) घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, आणि आईनं दिलेलं मेतकूट. मेतकूट-भात त्या मुलालाही दिला. त्यानं वास घेतला, चव घेतली आणि डब्यात काय काय आहे ते एकेक करून लिहून घेतलं. डाळी कुठल्या, भाजल्या किती वेळ. मला सांगता येईना. घरी फोन लावून आईला विचारलं. बावीस वर्षं खातेय, पण मेतकूट कसं करतात ते मला जपानमध्ये कळलं.

*

स्थापत्य, शेवटचं वर्ष. कोबे

आमचं गाव लोहारा तालुक्यात. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आई बारा वर्षांची होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. आजोबा आणि धाकटा मामा माळवदाखाली गेले. आमच्या घरात यावर कधी कुणी सलग बोलत नाही. मी स्थापत्य घेतलं त्यामागं हेच असावं, पण मी तसं कुठं म्हटलं नव्हतं.

कोबेत आम्हाला भूकंपाच्या संग्रहालयात नेलं. तिथला भूकंप १७ जानेवारी १९९५ चा, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांचा. ६,४३४ माणसं गेली. त्या संग्रहालयात कातारिबे असतात, म्हणजे स्वतः भोगलेलं येणाऱ्यांना सांगणारे लोक. आमच्यासमोर एक आजोबा बसले. त्यांनी घराचा लाकडी सांगाडा हातानं दाखवला, मग दोन्ही तळवे वरून दाबत खाली आणले. जुन्या घरांवर चिखलात बसवलेली जड कौलं असायची. वादळात छप्पर उडू नये म्हणून वजन हवं असायचं. जमीन हलली तेव्हा तेच वजन खाली आलं.

मला पुढचं ऐकूच आलं नाही. आमच्याकडं माळवद असंच. लाकडी तुळया, फळ्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन लागू नये म्हणून. पावसाळ्याआधी गळती थांबवायला वर आणखी माती टाकायची, म्हणजे दर काही वर्षांनी छप्पर जड होत जायचं. भिंती दगडाच्या, दोन-अडीच फूट रुंद, पण दगड जोडलेले मातीनं. त्यांच्याकडं वादळ, आमच्याकडं ऊन. ज्यापासून वाचायला वजन घातलं ते राहिलं बाजूला.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उठले आणि प्रश्न विचारायच्याऐवजी आमच्या घराचं सांगितलं. दुभाषी ताई थांबत थांबत सांगत होत्या. आजोबांनी फक्त एवढंच विचारलं की त्या रात्री पाऊस होता का, कारण कोबेत कडाक्याची थंडी होती. मी म्हटलं, नंतर आला, बाहेर उघड्यावर असताना. आईनं कधीतरी एकदा सांगितलं होतं. ते बराच वेळ मान हलवत राहिले.

अभ्यासाचं म्हणाल तर एक गोष्ट घेऊन आले. १९८१ मध्ये जपाननं इमारतींचे नियम कडक केले आणि त्यानंतरची घरं कोबेत पुष्कळ टिकली. कोसळली ती मुख्यतः त्याआधीची. म्हणजे नियम होता, ज्ञान होतं, पण जुनी घरं तशीच उभी होती. आमच्या अभ्यासक्रमात नवं कसं बांधायचं ते सगळं आहे. उभ्या असलेल्या जुन्या घराचं काय करायचं ते जेमतेम एका प्रकरणात. माझा प्रकल्प आता त्यावरच आहे : दगडी भिंतीला आडवे बांधदगड (भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड) आणि वरून पट्टा कसा घालायचा, कमीत कमी खर्चात.

आवाजी बेटावर नोजिमा प्रस्तरभंग जसाच्या तसा छताखाली जपून ठेवलाय. जमीन फाटून एक बाजू सरकलेली डोळ्यांनी दिसते. कुंपणाची झाडांची रांग मधेच तुटून पुढं गेलेली. त्याला लागूनच एक घर आहे, भूकंपातून उभं राहिलेलं, आणि आत स्वयंपाकघर त्या पहाटेसारखं मांडलंय. भांडी खाली, कपाट उघडं. त्याचा फोटो मी काढला. आजीला दाखवावा की नाही, ते ठरत नव्हतं.

*

कोल्हापूर, इतिहास. हिरोशिमा

थोडंच लिहितो. तिथल्या संग्रहालयात एक डबा आहे. शाळकरी मुलाचा, ६ ऑगस्ट १९४५ चा. आईला तो मुलाच्या देहाजवळ सापडला. आतलं जेवण जळून काळं झालंय आणि तसंच आहे. मी वसतिगृहात राहतो, घरून एस.टी.नं डबा येतो. त्या काचेसमोर मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही.

बाहेर आलो तर समोरून ट्राम गेली. बाँब पडल्यानंतर तीनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, हिरोशिमात काही भागात ट्राम पुन्हा सुरू झाली होती. मी त्या ट्राममध्ये बसलो, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

*

धुळे जिल्हा, भौतिकशास्त्र

मी आमच्या घरातला पहिलाच, ज्यानं पासपोर्ट काढला. मुलांनी हे नक्की वाचावं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. बोलावणारं विद्यापीठ पासपोर्टप्रमाणं नाव मागतं. मी गुणपत्रिकेप्रमाणं अर्ज भरला, निमंत्रणपत्रावर उलटं नाव आलं, ते सुधारून येईपर्यंत आठ दिवस गेले. त्यात आमच्या कार्यालयात ना-हरकत पत्र १९ दिवस एका टेबलावर पडून होतं. मी रोज जायचो, रोज "साहेब आले नाहीत" ऐकायचो. व्हिसा निघायच्या चार दिवस आधी हातात पडला. या त्रासाचा राग अजून गेलेला नाही. एखाद्या पोराची संधी अशी एका सहीपायी जाऊ शकते.

तिथं काय वेगळं दिसलं तर हेच. आमचं वेळापत्रक तीन आठवडे आधी ई-मेलनं आलं होतं, मिनिटांसकट, कोण कुठं घ्यायला येणार ते लिहून. ते पत्र पाठवणाऱ्या कार्यालयातल्या बाई शेवटच्या दिवशी स्टेशनवर आल्या. एवढ्या दिवसांत प्रत्येकाचं नाव पाठ होतं, माझं तर दोन्ही क्रमांनी. आता खालच्या वर्गातल्या मुलांचे अर्ज मी स्वतः तपासून देतो.

*

संस्कृत, एम.ए., पुणे. कोयासान

माझी सहल ज्या विद्यापीठानं ठरवली त्यांनी शेवटचे दोन दिवस कोयासानला ठेवले होते. ओसाकातल्या नाम्बाहून गाडी, मग तारेवर ओढली जाणारी तिरकी गाडी, आणि वर देवदारासारख्या उंच सुगींच्या रानात देवळंच देवळं. कुकाई या आचार्यानं ८१६ मध्ये वसवलेली ही जागा.

ओकुनोइनचं स्मशान दोन किलोमीटर लांब आहे, दोन लाखांवर स्मारकं. तिथं पाच दगड एकावर एक रचलेले छोटे मनोरे जागोजागी आहेत. एकाजवळ मी वाकले. शेवाळ्याखाली खालच्या चौकोनी दगडावर अक्षर होतं. बोटानं गिरवलं तर 'अ'. वर 'व', वर 'र', मग 'ह', शेवटी 'ख'. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. लिपी सिद्धम्. भारतातून चीनमार्गे गेलेली, आपल्याकडं वापरातून गेली आणि तिथं स्मशानात, लाकडी पाट्यांवर आजही रोज लिहिली जाते. माझ्यासोबतच्या जपानी विद्यार्थिनीला ती अक्षरं पवित्र म्हणून माहीत होती, पण वाचता येत नव्हती. मी एकेक वाचत गेले आणि ती मागून म्हणत गेली. संधिप्रकाशात दोघी जणी 'अ व र ह ख' म्हणत चाललो होतो.

कुकाई ८३५ मध्ये गेले असं तिथले भिक्षू म्हणत नाहीत. ते आत ध्यानात बसले आहेत असं मानतात आणि रोज दोन वेळा त्यांच्यासाठी जेवण नेतात. सकाळी ते पाहिलं. पेटी खांद्यावर घेऊन भिक्षू पूल ओलांडतात. मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आळंदीला वाढलेल्या मुलीला संजीवन समाधी समजावावी लागत नाही.

कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. आमच्यातल्या दोघांनी तिथं बसून त्रिशरण म्हटलं.

(नाशिकच्या ताईंसाठी : मठातलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूणही नाही. तिळाचं तोफू जरूर खा.)

*

जपानी भाषा, तिसरं वर्ष. ओकायामा

सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात मी लहानपणापासून जातेय. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय. म्हणून कोराकुएनमध्ये शिरले तेव्हा ओळखीचं वाटलं. ओळखीचं नव्हतं ते एक : बागेच्या आत भाताचं छोटंसं खाचर आणि चहाचा मळा. सरदाराची बाग, आणि त्यात शेत. मला ते फार आवडलं.

दोन रात्री एका घरी राहिले. भाषेचं म्हणाल तर मराठी माणसाला वाक्याची भीती नको. क्रियापद शेवटी, विभक्ती नामाच्या मागे, आणि वाक्याच्या शेवटी आपला 'ना' तसा त्यांचा 'ने'. घरच्या आजींना माझं जपानी पुस्तकी वाटायचं. जेवायच्या आधी मी भूक लागली असं व्यवस्थित व्याकरणशुद्ध सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं नाही, पोट 'पेकोपेको' म्हण. मग शब्दच शब्द आले. छाती 'दोकिदोकि', म्हणजे धडधड. पाव 'फुवाफुवा', म्हणजे लुसलुशीत. भांडं 'पिकापिका', म्हणजे चकचकीत. मी मराठी सांगायची, त्या जपानी. कुळकुळीत, सळसळ, लखलख. वर्गात दोन वर्षांत जे सुटलं नव्हतं ते त्या ओट्यापाशी सुटलं. ताट समोर आल्यावर त्या हात जोडून 'इतादाकिमास' म्हणाल्या, मी 'वदनी कवळ घेता' म्हटलं. त्यांनी पूर्ण होईपर्यंत हात जोडलेलेच ठेवले.

निघताना त्यांनी पाच येनचं नाणं दिलं. मधे भोक, त्यावर भाताची लोंबी. 'गोएन' म्हणजे पाच येन आणि ऋणानुबंधही. घरी आजोबांना दाखवलं तर म्हणाले, "अगं, हा तर आपला भोकाचा पैसा!" आता ते त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

*

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. कोबेच्या ताई, फोटो आजींना दाखवलात का? जमत असेल तरच सांगा.

*

स्थापत्य, शेवटचं वर्ष

दाखवला, गेल्या रविवारी. आजीनं स्वयंपाकघराचा फोटो खूप वेळ धरला. मग विचारलं, "गाव तिथंच बांधलं का त्यांनी परत?" मी म्हटलं, हो, तिथंच. आमचं गाव उठवून लांब नव्या जागी वसवलं. जुन्या जागी आता चिंच आहे आणि बाभळी. आजी तीस वर्षांत तिकडं गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच लुगडं नेसून तयार झाली.

घराची भिंत गुडघ्याएवढी शिल्लक आहे. चूल कुठं होती, धान्याची कणगी कुठं होती, सगळं तिनं काठीनं दाखवलं. मग मी प्रकल्पासाठी भिंतीची रुंदी मोजायला टेप काढली. एकटीला धरता येईना. आजी खाली बसली आणि दुसरं टोक तिनं धरलं. दोन फूट सात इंच.