कर्न्झा : दाणा आणि चारा

कर्न्झा या धान्याविषयीच्या एका चर्चेत त्याचा उल्लेख ‘एकदा पेरून कायम कापता येणारा गहू’ असा झाला आणि ते आपल्याकडे लावता येईल का, असेही विचारले गेले, म्हणून थोडी भर घालतो. हा गहू नसून थिनोपायरम इंटरमीडियम या मूळच्या युरोप व पश्चिम आशियातील बहुवर्षायू (एकदा लावल्यावर अनेक वर्षे टिकणाऱ्या) गवताचा दाणा आहे. अमेरिकेत हे गवत पूर्वी चाऱ्यासाठीच लावत. १९८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रोडेल संस्थेने धान्यासाठी त्याची चांगली रोपे निवडत नेण्याचे काम सुरू केले आणि पुढे कॅन्ससमधील लँड इन्स्टिट्यूटने ते काम हाती घेतले. मिनेसोटा विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘एमएन-क्लिअरवॉटर’ हे वाण प्रसारित केले.

याचे खरे मोल मला मुळांत दिसते. ती सुमारे तीन मीटरपर्यंत खोल जातात आणि जमीन वर्षभर झाकलेली राहून दरवर्षीची नांगरट टळत असल्यामुळे मातीची धूप घटते, शिवाय भूजलात झिरपणारे नायट्रेटही कमी होते.

मात्र दाणा आकाराने गव्हाच्या दाण्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकाच असतो, आणि दोन-तीन हंगामांनंतर पीक दाटत जाऊन उत्पादन घटते, त्यामुळे कायम कापणीची अपेक्षा बाळगणे योग्य नाही. चाऱ्याचे उत्पन्न जोडीला धरले तरच हिशेब जुळतो. पिठात ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन) असले तरी ते दुर्बल असल्याने पावासाठी गव्हाचे पीठ मिसळावे लागते, आणि सीलिॲक रुग्णांनी, म्हणजे ज्यांना ग्लुटेनने आतड्याचा विकार होतो त्यांनी, हे पीठ टाळलेच पाहिजे.

आता आपल्याकडे लावण्याविषयी. फुलोऱ्यासाठी या गवताला हिवाळ्यातील दीर्घ थंडी लागते, त्यामुळे महाराष्ट्राच्या पठारावर त्याच्या दाण्याची आशा मला वाटत नाही.