मदत हवी आहे : कडता जास्त लिहायला नकार कसा द्यावा?

जय ख्रिस्त मंडळी. मी मिरजेचा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो.

दसऱ्याला दुकानात काट्याची पूजा होते. मी बाजूला उभा राहतो. प्रसाद घ्यावा की नाही यावर घरी दरवर्षी वाद. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ८व्या आणि १०व्या अध्यायात पौलाने त्यावर बरंच सांगितलंय, म्हणून ते इथे विचारत नाही.

अडचण त्याच काट्याची, उरलेल्या वर्षातली. रिकाम्या पोत्याचं वजन म्हणून कापायचा कडता खऱ्यापेक्षा जास्त लिहायला मालक सांगतात. समोर पहाटेपासून टेम्पोत बसून आलेला शेतकरी. नीतिसूत्रे ११:१ पाठ आहे, खोट्या तागडीचा देवाला वीट. तरी गेल्या हंगामात मी लिहिलं.

मालक वाईट नाहीत हो. मुलीच्या ऑपरेशनला उचल त्यांनीच दिली, अजून फिटायची आहे.

यार्डात किंवा कारखान्याच्या काट्यावर काम करणाऱ्या कुणी असं 'नाही' म्हटलंय का? नेमकं काय बोललात, सगळ्यांसमोर की एकट्यात? नोकरी सोड एवढं मात्र सांगू नका, ते पाळकसाहेबांनी सांगून झालंय.