प्रत्यारोपण केंद्राची गुणवत्ता कोणत्या आकड्यांवरून ओळखावी?

प्रश्न

माझा भाऊ मूत्रपिंडाच्या प्रतीक्षा यादीत आहे. दोन केंद्रांपैकी एक निवडायचे असल्यामुळे मी त्यांचे अहवाल वाचते आहे. दोन्हीकडे ‘प्रत्यारोपणानंतर एका वर्षाने किती मूत्रपिंडे कार्यरत आहेत’ हा आकडा ठळकपणे दिलेला आहे आणि त्यांत तीन-चार टक्क्यांचा फरक आहे. एवढ्या फरकावरून एका केंद्रातली सेवा दुसऱ्यापेक्षा चांगली आहे असे म्हणता येते का? आणि प्रत्यारोपण होण्याआधीच्या काळातली सेवा कुठे मोजली जाते की नाही? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद : प्रत्यारोपण नोंदणीच्या सांख्यिकीचे काम करणारा

ताई, तीन-चार टक्क्यांच्या फरकावर निर्णय घेऊ नका. वर्षाला वीस प्रत्यारोपणे करणाऱ्या केंद्रात एक मूत्रपिंड निकामी झाले की आकडा पाच टक्क्यांनी घसरतो, तर दोनशे करणाऱ्या केंद्रात तो अर्ध्या टक्क्यानेच हलतो. शिवाय वयस्क, मधुमेही किंवा बरीच वर्षे डायलिसिसवर असलेले रुग्ण स्वीकारणाऱ्या केंद्राची तुलना निवडक रुग्ण घेणाऱ्या केंद्राशी थेट करणे अन्यायाचे आहे. म्हणून चांगल्या नोंदणी संस्था रुग्णाचे आणि दात्याचे वय, आजार व इतर घटक विचारात घेऊन ‘अपेक्षित’ अपयशांची संख्या काढतात आणि प्रत्यक्ष संख्या तिच्याशी ताडून पाहतात. अहवालात ही तुलना आहे का, आणि तिच्यासोबत अनिश्चिततेची मर्यादा (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो) दिली आहे का, हे आधी पाहा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. एका वर्षाच्या यशाचा आकडा ज्यांना अवयव मिळाला त्यांच्याविषयीच बोलतो. यादीत वाट पाहताना जे गेले, किंवा प्रकृती खालावल्यामुळे ज्यांचे नाव यादीतून काढावे लागले, त्यांची त्यात गणती नाही. याचे परिणाम अमेरिकेत दिसून आले. तिथे २००७ पासून मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेने केंद्रांची मान्यता या आकड्याशी बांधली. पुढे झालेल्या अभ्यासांत असे आढळले की ज्या केंद्रांवर कमी कामगिरीचा शिक्का बसला त्यांनी त्यानंतर प्रत्यारोपणेच कमी केली. जोखमीचा रुग्ण आणि जोखमीचा अवयव दोन्ही टाळले की आकडा सुधारतो, हे त्यामागचे साधे गणित. मान्यतेच्या नूतनीकरणासाठीची ती अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. आता तिथल्या नोंदणीच्या अहवालांत यादीतल्या रुग्णांना प्रत्यारोपण मिळण्याचा वेग, यादीतले मृत्यू आणि देऊ केलेले अवयव स्वीकारण्याचे प्रमाणही प्रसिद्ध होते. माझ्या मते आपल्या भावासाठी स्वीकाराचे प्रमाण सर्वांत आधी पाहावे, कारण दोन केंद्रांतला खरा फरक बहुधा तिथेच उघड होतो.

प्रतिसाद : अवयवदान समन्वयक, पूर्वी अतिदक्षता विभागात परिचारिका

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण साखळीची सुरुवात आणखी मागे होते. जो अवयव दानापर्यंत पोहोचलाच नाही, तो कोणत्याही केंद्राच्या अहवालात दिसत नाही.

सामान्यतः ‘दहा लाख लोकसंख्येमागे किती मृत दाते’ हा आकडा सांगितला जातो. तो समजायला सोपा असला तरी सेवेविषयी फारसे सांगत नाही, कारण गंभीर मेंदू-इजेने होणारे मृत्यू प्रत्येक ठिकाणी वेगळ्या प्रमाणात असतात आणि रस्ते सुरक्षित झाले तर संभाव्य दाते कमी होतात, जी आनंदाचीच गोष्ट आहे. खरा प्रश्न असा, की दान शक्य होते अशा मृत्यूंपैकी किती ओळखले गेले, किती वेळा मेंदूमृत्यूची तपासणी झाली, किती कुटुंबांशी बोलणे झाले आणि किती जणांनी होकार दिला. स्पेनने, जिथे राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्था १९८९ मध्ये स्थापन झाली, अतिदक्षता विभागातल्या मृत्यूंची कागदपत्रे पुन्हा तपासण्याची पद्धत बसवली. आधी रुग्णालयातला समन्वयक तपासतो आणि नंतर बाहेरचे तज्ज्ञ त्यावर नजर टाकतात. ब्रिटनमध्येही २००३ पासून संभाव्य दात्यांचे असे लेखापरीक्षण चालते. कोणत्या पायरीवर संधी निसटली हे त्यातून कळते, आणि सुधारणा नेमकी तिथे करता येते. बाहेरच्या माणसाची तपासणी मला अत्यावश्यक वाटते, कारण ‘हा दाता होऊ शकत नव्हता’ हा निर्णय ज्याने घेतला त्यानेच मोजणी केली, तर प्रत्येक हुकलेली संधी मोजणीबाहेर जाते.

होकाराच्या टक्केवारीबद्दल मात्र सावध राहावे. मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती एकाच दमात कानावर पडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्या गोंधळात मिळालेला होकार मला कधीही चांगली सेवा वाटला नाही. बातमी समजून घ्यायला कुटुंबाला वेळ मिळाला का, प्रशिक्षित व्यक्ती त्या संभाषणात होती का, आणि नकार देणाऱ्यांशीही त्यानंतर तितक्याच आस्थेने वागले गेले का, हे विचारल्याशिवाय ती टक्केवारी अपुरी राहते.

प्रतिसाद : जिवंत दाता

मी बहिणीला मूत्रपिंड दिले. तिची तपासणी आजही नियमित होते, माझी मात्र वर्षभरातच थांबली. अमेरिकेत सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी जिवंत दात्याची माहिती नोंदवणे बंधनकारक आहे. आपल्याकडून कोणी नातेवाईक दान देणार असेल, तर त्यांच्या पाठपुराव्याची नोंद केंद्र किती पूर्ण ठेवते हे जरूर विचारा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या भेटीत मी दोन्ही केंद्रांना विचारणार आहे की गेल्या वर्षभरात भावासारख्या रुग्णांसाठी आलेली किती मूत्रपिंडे त्यांनी नाकारली, आणि ती का नाकारली हे रुग्णाला कळवले जाते का.

प्रतिसाद : सांख्यिकीचे काम करणारा

ताई, त्यासोबत भावालाही विचारून ठेवा की वयस्क दात्याचे मूत्रपिंड लवकर मिळत असेल तर ते घेण्याची त्याची तयारी आहे का. कोणते अवयव देऊ केले जातील हे बऱ्याच ठिकाणी त्याच्या लेखी संमतीवर ठरते आणि हा अर्ज पुष्कळदा यादीत नाव घालताना घाईत भरला जातो.